खराब रंगावर आणखी एक हात? मुळीच नको



आज स्वयंपाकघर थोडं बाजूला ठेवते. गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या बीडसारख्या गावांतही प्लॅस्टिकच्या मॉडेल गाड्यांचं वेड चांगलंच पसरलंय. मुलं ऑनलाइन किट मागवतात, किंवा जुनी खेळण्यातली गाडी उघडून तिची बॉडी नव्याने रंगवतात. आमच्या घरातही हेच चालतं. माझा मुलगा अकरावीत आहे, आणि त्याच्या मित्रांच्या गाड्याही आमच्याच गच्चीवर रंगायला येतात. त्यामुळे रंग बिघडण्याचे जेवढे म्हणून प्रकार आहेत, ते सगळे मी जवळून पाहिलेत.

आणि दर वेळी ऐकलेला सल्ला एकच. दुकानदार म्हणतो, शेजारचे काका म्हणतात, भिंती रंगवणारे दादा म्हणतात, "अजून एक हात मारा, झाकून जाईल." माझं स्पष्ट मत आहे की मॉडेल गाडीचं याच सल्ल्याने सर्वात जास्त नुकसान होतं. भिंतीला चार हात दिले तरी भिंत भिंतच राहते. बोटभर लांबीच्या गाडीचं तसं नाही. तिच्या दाराची रेघ केसाएवढी बारीक, बोनेटवरची अक्षरं तांदळाच्या कणीएवढी. दोन जाड हात बसले की दार बुजतं, अक्षरं बुजतात, आणि मूळ दोष आत तसाच राहतो. खाली तेल असेल तर वरचा हातही तिथून फाटणार. खालचा थर ओला असेल तर वरचा सुरकुतणार. दोष नेहमी खालच्या थरात नाही तर आजूबाजूच्या हवेत असतो, डब्यात फार क्वचित. म्हणून आधी थांबायचं, बघायचं, मग हात लावायचा.

सुरुवात प्लॅस्टिकपासूनच. सगळं प्लॅस्टिक सारखं नसतं, हे आपल्याला डब्या-बरण्यांवरून माहीत आहेच. चांगल्या किटची बॉडी बहुधा पॉलिस्टायरीनची असते, खेळण्यातल्या बऱ्याच गाड्या एबीएसच्या. या दोन्हींवर रंग नीट धरतो. पण काही स्वस्त खेळणी पॉलिप्रॉपिलीनची असतात, म्हणजे आपल्या फ्रीजमधल्या डब्यांच्या जातीची. त्यावर कितीही छान रंग मारा, नखाने पोपडा निघतो. घरच्या घरी ओळखायची युक्ती सोपी आहे. न दिसणाऱ्या जागेचा लहानसा तुकडा कापून साबणाच्या पाण्यात टाका आणि बोटाने बुडवा. बुडून राहिला तर पॉलिस्टायरीन किंवा एबीएस असण्याची शक्यता जास्त, पुन्हा वर तरंगला तर ते रंग न धरणारं प्लॅस्टिक. तरंगणाऱ्या गाडीसाठी प्लॅस्टिकचा खास प्रायमर लागतो. तो नसेल तर त्या गाडीच्या नादी लागू नये. पोरांचे दोन रविवार वाचतात.

मग धुणं. नवीन बॉडी साच्यातून सहज सुटावी म्हणून वापरलेल्या पदार्थाचा तेलकट थर तिच्यावर राहिलेला असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण रंग मारला की लगेच दिसतो. रंग जागोजागी मागे सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. केसांचं सीरम, गाडीचं पॉलिश, फोडणीची वाफ, यांनीही हेच होतं. स्वयंपाकघराला लागून रंगकाम करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं. असे खड्डे पडले की त्यात रंग भरत बसणं व्यर्थ आहे, भरलेला रंगही तिथून सरकतोच. भांड्यांचा साबण, कोमट पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन बॉडी आतून-बाहेरून घासायची, आणि त्यानंतर तिला उघड्या बोटांनी हात लावायचा नाही.

इथे आपल्या भागाची एक खास अडचण आहे, ती परदेशी व्हिडिओवाले सांगत नाहीत, कारण त्यांना ती नाहीच. आपलं बोअरचं पाणी जड. स्टीलच्या तांब्यावर जे पांढरे ठिपके राहतात, तेच धुतलेल्या बॉडीवर राहतात, आणि काळ्या रंगाखाली ते बारीक पुरळासारखे उठतात. शेवटचं खळबळणं आरओच्या किंवा बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याने करावं. एक फुलपात्रभर पुरतं.

आता हवा. डब्यावरच्या सूचना आणि व्हिडिओतली माणसं एक सौम्य हवामान गृहीत धरतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो. अशा दुपारी स्प्रे मारला तर रंगाचा थेंब बॉडीवर पोहोचेपर्यंत अर्धा वाळलेला असतो. तो पसरत नाही, बसल्या जागी कडक होतो, आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत दिसतो. डबा फार लांब धरला तरी हेच होतं. उपाय म्हणजे सकाळी सहा-सातला रंगवणं, डबा वीतभर अंतरावर धरणं, आणि हात गाडीच्या बाहेरून सुरू करून बाहेरच संपवणं. साल उठलीच असेल तर पूर्ण वाळू द्यावी, मग पंधराशे आणि त्यानंतर दोन हजार नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात बुडवून हलकेच फिरवावा आणि शेवटी पॉलिश करावं. कडा आणि कोपरे सांभाळायचे, तिथे रंग सर्वात पातळ असतो, दोन फेऱ्यांत खालचं प्लॅस्टिक दिसायला लागतं.

पावसाळ्यात उलटं होतं. रंगातलं थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, अगदी माठ गार होतो तसा. हवेत ओल भरपूर असली की त्या गार पृष्ठभागावर बाष्प धरतं आणि ओल्या रंगात अडकतं. चकचकीत काळा रंग डोळ्यांदेखत दुधाळ होतो. पोरांना वाटतं डबा खराब निघाला. डबा चांगलाच असतो, दिवस चुकलेला असतो. कोरड्या दिवशी संथ उडणाऱ्या थिनरचा, ज्याला दुकानात रिटार्डर म्हणतात, अगदी धुक्यासारखा फवारा दिला तर पुष्कळदा दुधाळपणा जातो. नाही गेला तर घासून पुन्हा. मी तर म्हणेन, आपल्या बीड जिल्ह्यात रंगकामाचे खरे महिने दिवाळीनंतरचे, साधारण फेब्रुवारीपर्यंत. आंबा पाडाला लागल्याशिवाय आपण तोडत नाही, मग रंगाच्या बाबतीतच एवढी घाई कशाला?

धुळीचं तर विचारूच नका. माझी परळीची नणंद सांगते की औष्णिक केंद्राच्या राखेमुळे त्यांच्याकडे सकाळी पुसलेला ओटा दुपारी पुन्हा हाताला खरखरीत लागतो. तिच्या मुलाने उपाय शोधला तो मला आवडला. न्हाणीघरात आधी पाणी शिंपडायचं, धूळ खाली बसली की फॅन बंद ठेवून गाडी तिथेच वाळत ठेवायची, वर प्लॅस्टिकचा टब पालथा. रंग मात्र तो बाहेर मोकळ्या हवेत मारतो, न्हाणीघरात फक्त वाळवणं.

सर्वात वाईट दोष मात्र वेगळाच. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे झटपट वाळणारे स्प्रे लोखंडासाठी आणि लाकडासाठी बनलेले असतात. त्यातली तीव्र द्रावणं पॉलिस्टायरीनला खातात. नेलपॉलिश काढायच्या पाण्याचा थेंब प्लॅस्टिकच्या कंगव्यावर पडला की जे होतं तेच. बॉडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतात, आणि या चिरा रंगात नसतात, प्लॅस्टिकमध्येच असतात. बाकीचे दोष धुऊन, घासून मागे नेता येतात, हा येत नाही. फार तर घासून, पुट्टी भरून झाकता येतो, पण त्यात बारीक नक्षी जाते. म्हणून नवीन डबा आधी किटच्या सांगाड्यावर किंवा बॉडीच्या आतल्या बाजूला मारून पाहायचा आणि रात्रभर थांबायचं. आधी प्लॅस्टिकला चालणारा प्रायमर, तोही पातळ धुक्यासारखा दोन-तीनदा, आणि मगच रंग. आणखी एक, घरात उरलेला ऑइल पेंट ब्रशने लावून त्यावर हा झटपट स्प्रे मारू नये. खालचा थर फुगतो आणि दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या पडतात. उलट क्रम, म्हणजे वाळलेल्या स्प्रेवर ऑइल पेंट, चालतो.

हे सगळं मी एवढ्या पोटतिडकीने का लिहितेय, तर आमच्याकडे यंदा अशीच एक बॉडी होती. माझ्या सासऱ्यांकडे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, एके काळी फियाट होती. मोसंबीच्या सालीसारखी पिवळसर नव्हे, दुधाच्या मलईसारखी. त्या गाडीतून ते मोंढ्यात जायचे, त्याच गाडीतून मी लग्न होऊन या घरात आले. आता अण्णांची नजर काचबिंदूने हळूहळू कमी होतेय. मुलाने कुठून तरी त्या घाटाची एकुलती एक जुनी प्लॅस्टिक बॉडी मिळवली आणि आजोबांच्या वाढदिवसाला द्यायची म्हणून मलई रंग मारला. उन्हाचा दिवस होता, साल उठली. वाढदिवसाला चार दिवस उरले होते. घरातले सगळे म्हणाले, अजून एक हात मार, अण्णांना एवढं कुठे दिसणार आहे? त्या वाक्याचा मला राग आला, आणि अजून आहे. ज्या माणसाला डोळ्यांनी कमी दिसतं तो बोटांनी जास्त बघतो. अण्णा ती गाडी हातात घेऊन दारांच्या रेघा चाचपणार, पुढची जाळी चाचपणार. तीच बुजवून टाकली तर त्यांच्या हातात काय राहिलं? वाढदिवसाला अण्णांना बिनरंगाची बॉडी दिली. त्यांनी ती बराच वेळ हातात फिरवली आणि म्हणाले, "डावीकडचा आरसा नव्हता आपल्या गाडीला." तो आरसा आता काढून टाकलाय.

जाता जाता सांगते, या गाडीशी आपल्या समाजाचंही नातं आहे. ती बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी सोलापूरच्या जैन घराण्यातल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली उभी केली. कारखाना मुंबईत कुर्ल्याला. फियाट ११०० डिलाइट १९६४ पासून तिथे तयार होऊ लागली, पुढे तीच प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईची शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. त्यानंतर काळी-पिवळी टॅक्सी रंगवायची हौस मुलांत फारच वाढलीय, आणि तिच्यात हमखास एक घोटाळा होतो. आधी अख्खी गाडी काळी करतात आणि मग टपावर पिवळा मारतात. पिवळ्या रंगाची झाकायची ताकद फार कमी, काळ्यावर तो शेवाळी दिसतो. मग पुन्हा एक हात, आणखी एक हात, शेवटी टपाच्या कडेने ओघळ. क्रम उलटा हवा. आधी पांढरं अस्तर, त्यावर पिवळा, तो पूर्ण वाळला की टपावर मास्किंग टेप, आणि मग काळा. टेपच्या कडेखालून काळा झिरपू नये म्हणून कडेवर आधी पारदर्शक लॅकरचा एक पातळ फवारा द्यावा. झिरपायचं ते पारदर्शक झिरपतं आणि फट बंद होते. लाल प्लॅस्टिकच्या खेळण्याची टॅक्सी करत असाल तर आणखी एक अडचण. प्लॅस्टिकमधला लाल रंग वरच्या पांढऱ्यात उतरतो आणि टप गुलाबी होतो. तिथे अस्तराखाली चंदेरी रंगाचा एक थर दिला की तो बांध घातल्यासारखा लाल रंग अडवतो.

आता बिघडलेला रंग काढायचा कसा? थिनर नको, बॉडीच विरघळेल. नेलपॉलिश रिमूव्हरही नको. मेडिकलमध्ये मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल ॲक्रिलिक रंगांना बऱ्यापैकी चालतं. हाताचं सॅनिटायझर मात्र चालत नाही, त्यातलं ग्लिसरीन मागे राहतं. आणि दुसरी वस्तू प्रत्येकीच्या कपाटात आहे, ती म्हणजे डेटॉल. पाणी न घालता डब्यात ओतायचं, बॉडी त्यात रात्रभर बुडवून झाकण लावायचं. सकाळी रंग मऊ पडलेला असतो. इथे एकच पथ्य आहे. लगेच नळाखाली धरायचं नाही, पाणी लागलं की सुटलेल्या रंगाचा चिकट डांबरासारखा लगदा होतो. आधी डेटॉलमध्येच टूथब्रश बुडवून सगळा रंग घासून काढायचा, पुसायचा, आणि रंग संपल्यावरच साबण-पाणी. रबरी हातमोजे हवेतच, त्वचा सोलते. आधी आतल्या कोपऱ्यात तपासून पाहणं इथेही आलंच. अण्णांच्या फियाटचा रंग असाच उतरला, रेघ न् रेघ शाबूत.

ओल्या रंगात अडकणाऱ्या किड्यांबद्दल मात्र मला स्वतंत्र बोलायचंय. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिवा लावून रंगवायला बसलं की चिलटं, पाकोळ्या उजेडावर येतात आणि ओल्या रंगात चिकटतात. मॉडेलवाले याला धुळीसारखाच एक दोष मानतात, चिमट्याने काढा आणि पुढे चला. आपल्या घरात सूर्यास्तानंतर जेवत नाहीत ते याच जीवांसाठी, मग गाडीसाठी वेगळा नियम कसा? आमच्याकडे दिवे लागण्याआधी डबा बंद होतो. मुलाने सुरुवातीला कुरकुर केली. आता तोच मित्रांना सांगतो की दिवसाउजेडी रंगाची छटाही खरी कळते, ट्यूबलाइटखाली मलई आणि पांढरा यांत फरक दिसत नाही.

तसंच ब्रशचं. बारीक कामासाठी "एकदम असली केसांचा" म्हणून जो ब्रश कौतुकाने दाखवतात, तो मुंगसाच्या केसांचा असू शकतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसाला संरक्षण आहे आणि या ब्रशांचा व्यापार गुन्हा आहे. २०१९ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोने 'ऑपरेशन क्लीन आर्ट' नावाने अशा ब्रशांविरुद्ध छापे घातले होते. एका ब्रशच्या केसासाठी मुंगसं मारली जातात, हे दुकानात कुणी सांगत नाही. विचारून नायलॉनचाच घ्यावा. शंका असेल तर एक केस जाळून पाहा. नायलॉन वितळून टोकाला मणी होतो, खरा केस जळका वास देतो. आणि आजचे नायलॉनचे ब्रश आरसे, हँडल, काचेच्या चौकटी रंगवायला अगदी पुरेसे आहेत, हे मी पाहिलंय.

या छंदाला घरात जागा द्यावी का, असं मला दोघीतिघींनी विचारलं. द्यावी, पण गच्चीवर. स्प्रेच्या डब्यातला दाबाचा वायू बहुधा एलपीजीच असतो, आपल्या सिलेंडरमधला. देवघरात समई चालू, ओट्यावर गॅस चालू आणि शेजारच्या खोलीत दार लावून स्प्रे, हे होऊच द्यायचं नाही. कापडी मास्क रंगाचे कण थोडेफार अडवतो, थिनरची वाफ अडवत नाही. त्यासाठी वाफा शोषणारी डबी असलेला मास्क लागतो, नाही तर उघड्यावर, वारा पाठीवर घेऊन. दमा असलेल्या मुलाला तर ब्रशने लावायचे पाण्यातले ॲक्रिलिक रंगच द्यावेत, दिसायलाही ते कमी नाहीत. उन्हाळ्यात डबे गच्चीवर विसरायचे नाहीत, पन्नास अंशांपुढे ते फुटू शकतात, आणि आपल्या पत्र्याच्या शेडखाली तेवढं तापतंच. रंगलेली बॉडीही लवकर वाळावी म्हणून तिथे ठेवू नये, पातळ टप वाकू शकतो.

वाळलं की नाही हे ओळखायला बोट लावायची गरज नाही. गाडी नाकाशी न्यायची. रंगाचा वास येतोय तोवर आत थिनर आहे, तोवर टेप नाही, पॉलिश नाही, दुसरा थरही नाही. अण्णांच्या फियाटला सध्या फक्त राखाडी अस्तर आहे, ती बुटाच्या खोक्यात झाकून ठेवलीय आणि मलई रंगाचा डबा तुळशीविवाहानंतरच उघडायचा ठरलंय. वापरलेलं डेटॉल आणि ब्रश धुतलेलं थिनर मोरीत ओतू नका. जुन्या वर्तमानपत्रात किंवा भुशात शोषून, आगीपासून दूर उघड्यावर पूर्ण वाळू द्या आणि मग घंटागाडीत वेगळं बांधून द्या.